भुताळीचा हंगाम

दिवाळी आली की मराठी माणूस दोन गोष्टी काढतो. चकल्या आणि भुतं. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून शरदात वाचायचा रिवाज पडला. फराळाच्या ताटाशेजारी अंक. अंकात एक तरी गूढकथा. कथेत पडका वाडा, वाड्यात बाई. बाईचे केस मोकळे, पाय उलटे. नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी किती लोकांना रात्री परसाकडं एकटं जाऊ दिलं नाही, त्याची मोजदाद नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. भिवंडीत यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला झोप उडवणारी गोष्ट म्हंजे औषध. मागाच्या खडखडाटात शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. कांडी बदलायची, तुटला धागा जोडायचा, परत पानावर यायचं. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण मी असं उभ्यानं घेतलंय.

तक्रार वेगळी आहे. या गोष्टींत भ्यायचं कुणाला, ते लेखक आधीच ठरवून टाकतो. भ्यायचं बाईला. एकटी, म्हातारी, गावकुसाबाहेरची बाई. आमच्या शहापूर-मुरबाडकडं तिला भुताळी म्हणतात. भुताळी माणूस खाते, असं तिकडं पोराटोरांना पण ठाऊक असतं. मी तिकडचाच आहे. भुताळीनं खाल्लेला माणूस मी अजून बघितला नाही. गावानं खाल्लेल्या भुताळ्या मात्र ठाऊक आहेत.

मागल्या वर्षी रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी कादंबरी मिळाली, तीस रुपयांत. अमेरिकेतल्या सेलमच्या चेटकीण खटल्यांवरची. नाव सांगत नाही, तिची जाहिरात आपण कशाला करा? मोबाइलमधला शब्दकोश उघडून दोन महिन्यांत वाचून काढली. पाठीमागं छापलं होतं, ऑक्टोबरातल्या गार रात्री पांघरुणात बसून वाचावी अशी. म्हंजे तिकडं पण तेच. आपली दिवाळी, त्यांचं हॅलोविन. पानं गळायला लागली की दुकानात चेटकिणींची रास लागते. जुन्या काळची, वसाहतीतली, फासावर गेलेली बाई म्हंजे त्यांचा हंगामी माल.

मंग मी खरं काय झालं ते शोधून वाचलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

1692 साल. मॅसॅच्युसेट्स हा मुलूख तेव्हा इंग्रजांची वसाहत. सेलमच्या पाद्र्याच्या घरात दोन लहान पोरींना झटके यायला लागले. वैद्य म्हणाला, हे दुखणं नव्हे, करणी आहे. पोरींना खोदून खोदून विचारलं, कुणी केली? तीन नावं निघाली. पहिली टिटुबा, पाद्र्याच्याच घरातली गुलाम बाई. दुसरी सारा गुड, दारोदार मागून खाणारी. तिसरी सारा ऑस्बर्न, आजारानं खंगलेली, पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरून जिचा वाद चालला होता. ही तीन नावं नीट बघा. गुलाम, भिकारीण, आणि जिच्या जमिनीवर दुसऱ्याचा डोळा आहे अशी बाई. साता समुद्रापलीकडचं गाव, सव्वातीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि मला वाचताना सरळ आमचा तालुका दिसायला लागला.

दीडशेच्या वर माणसं तुरुंगात कोंबली. 19 जणांना फासावर चढवलं, 14 बाया आणि 5 पुरुष. एका म्हाताऱ्यानं कोर्टापुढं जबाब द्यायचं नाकारलं, तर अंगावर धोंडे रचून त्याला चिरडून मारला. सारा गुडची पोरगी चार-पाच वर्षांची, तिला पण बेड्या घातल्या. पुरावा काय? तर पोरी म्हणायच्या, हिची सावली रात्री येऊन आम्हाला चिमटे काढते. बाई आपल्या घरी झोपलेली असली तरी चालेल, सावली आली होती ना! आणि न्यायाधीश कोण? अडाणी नव्हते. विल्यम स्टॉटन आणि सॅम्युअल सिवॉल, दोघंही हार्वर्डला शिकलेले. सिवॉलनं 1697 साली चर्चमध्ये उभं राहून आपली चूक कबूल केली. स्टॉटननं मरेपर्यंत केली नाही.

आता ऑक्टोबरची गंमत ऐका. सेलमातली पहिली फाशी 10 जूनला झाली, शेवटच्या आठ 22 सप्टेंबरला. ऑक्टोबरात गव्हर्नरनं ते खास कोर्टच मोडीत काढलं. म्हंजे ज्या महिन्यात लोक ही पुस्तकं चवीनं वाचतात, त्या महिन्यात फाशी एकही झालेली नाही. माणसं मारली ती उन्हाळ्यात, शेतात काम चालू असताना, लख्ख उजेडात. पण उजेडात भीती विकली जात नाही. तिला धुकं लागतं. आज सेलमच्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेल्या चेटकिणीचं चित्र आहे आणि ऑक्टोबरभर तिथं जत्रा असते. आपल्या मुरबाडची म्हशाची जत्रा पौषात भरते, तशी. म्हशाला लोक बैल विकतात. सेलमला फासावर गेलेल्या बाया विकतात.

टिटुबाचं अजून सांगायचं राहिलं. खटल्याच्या कागदांत तिला 'इंडियन' लिहिलंय. आपल्यातली नव्हे. गोऱ्यांनी तिकडच्या आदिवासींना जे नाव चिकटवलं ते. म्हंजे कागद सांगतो की ती आदिवासी बाई. पुढं लेखक आले. लाँगफेलो नावाच्या कवीनं 1868 साली तिला अर्धी आदिवासी, अर्धी काळी केली. आर्थर मिलरनं 1953 साली 'द क्रूसिबल' नाटक लिहिलं, त्यात ती काळी गुलाम झाली. मिलर चांगला माणूस. त्या वेळी अमेरिकेत सरकार कम्युनिस्ट हुडकून हुडकून छळत होतं, त्याला विरोध म्हणून त्यानं हे नाटक लिहिलं. तरी त्याचा हिरो कोण? गोरा शेतकरी. टिटुबा रानात पोरींना जादू करून दाखवणारी. खरी टिटुबा काय झाली? मालकानं मारून कबूल करवलं, असं तिनं नंतर सांगितलं. कबूल झाली म्हणून फाशी चुकली. वर्षाच्या वर तुरुंगात सडली. सुटायची वेळ आली तेव्हा तुरुंगाच्या खर्चाचे पैसे मालक भरीना. दुसऱ्या कुणी तरी भरले आणि तिला घेऊन गेला. विकत घेतली म्हणा की. पुढं ती कुठं गेली, कागद गप्प आहेत.

तुम्ही म्हणाल, हे परमुलखातलं, आपला काय संबंध? संबंध आहे. इंग्रजानं चेटकाचा खटला आपल्या मुंबईत पण चालवलाय.

1724 साल. ठाणं-वसई पोर्तुगीजांकडं, मुंबई कंपनीकडं. कंपनीच्या कोर्टापुढं एक बाई उभी केली. आरोप चेटकाचा. पुरावा असा की ही बाई भारलेले तांदूळ देऊन आजारी माणसं बरी करते. बघा, मारते असा आरोप नाही, बरी करते असा आहे. कोर्टानं ठरवलं की हिनं हे दुष्टपणानं केलं नाही, अडाणीपणानं केलं. म्हणून दया केली. दया म्हंजे चर्चच्या दाराशी 11 फटके. कागदात तिचं नाव 'बॅस्टोक' असं आहे. असलं नाव मी कुठल्या बाईचं ऐकलं नाही. कारकुनाच्या कानाला जे लागलं ते त्यानं लिहिलं, आणि तेवढीच ती उरली. पुढं 1735 साली विलायतेच्या पार्लमेंटनं चेटूक हा गुन्हाच कायद्यातून काढून टाकला. अकरा वर्षं आधी पाठीवर पडलेले अकरा फटके काही परत घेता येत नाहीत.

ते तांदूळ माझ्या डोक्यातून जाईनात. आमचा मुलूख भाताचा. आमच्याकडं भगत दाणे बघतो. घरात कुणी आजारी पडलं की मूठभर तांदूळ आणि दिवा. दाणे टाकायचे, मोजायचे, पुटपुटायचं. मंग सांगायचं, बाई आहे, एकटी राहते, दारात जांभळीचं झाड आहे. भगत नाव घेत नाही. नाव गाव घेतं. तेच तांदूळ भगताच्या हातात असले तर विद्या आणि बाईच्या हातात असले तर चेटूक. मुंबईच्या साहेबाचा आणि आमच्या गावाचा या बाबतीत एकच कायदा.

आणि हे आदिवासींच्या अंगावर ढकलून कुणी मोकळं होऊ नये. कातकरी, ठाकर, वारली, महादेव कोळ्यांच्या पाड्यावर भगत आहे, तसा कुणब्यांच्या, आगऱ्यांच्या गावात आहे, आणि आपल्या वस्तीत पण अंगारा देणारे बुवा आहेत. इंग्रजांच्या काळच्या नोंदीत लिहिलंय की ठाण्याकडचे कुणबी कातकऱ्याला फार भितात, तो मंत्रानं वैऱ्याचा काटा काढतो म्हणून. काय म्हणावं? ज्याच्या झोपडीखालची जागासुद्धा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर, त्याच्याकडं एवढी ताकद! ती असती तर त्यानं पहिला काटा सावकाराचा काढला नसता?

शहरात शरद म्हंजे अंक, चांदणं, मसाला दूध. आमच्याकडं शरद म्हंजे काय ते सांगतो. पाऊस ओसरतो. खाचरांत, डबक्यांत पाणी साठून राहतं, डास होतात, घराघरात ताप. भात पिवळं पडतं, माणसं कापणीला वाकतात, आणि साप निघतात. त्यातली मण्यार लय वाईट. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. डंख दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या उघडत नाहीत, दुपारपर्यंत श्वास बंद. रात्री भाकरी खाऊन झोपलेला धडधाकट गडी दुसऱ्या दिवशी तिरडीवर. ज्याला मण्यार ठाऊक नाही त्यानं काय समजायचं? कुणी तरी खाल्ला. दवाखाना लांब. किती तरी पाड्यांना अजून धड रस्ता नाही, झोळी करून माणूस डांबरी सडकेला आणायचा. दवाखाना वीस किलोमीटर आणि भगत वीस पावलं. मुंबईला पाणी पाजणारी तानसा, भातसा, वैतरणा आमच्याच शहापूर तालुक्यातली. पाणी शंभर किलोमीटर लांब जाऊ शकतं. सापाच्या विषावरची लस वीस किलोमीटर येऊ शकत नाही.

वर दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्टीवर जायचे असतात. मालकाची उचल आधीच घेतलेली, खाऊन झालेली. घरातला कर्ता गेला तर उचल फेडणार कोण? त्या घराला रडायला वेळ नसतो, पण रागवायला कुणी तरी लागतं. मालकावर रागवता येत नाही, सरकारवर रागवून उपयोग नसतो. जांभळीच्या झाडाखालची म्हातारी जवळ असते. असा तो हंगाम जुळून येतो. शहरात चेटकीण वाचायचे जे दिवस, तेच आमच्याकडं चेटकीण ठरवायचे दिवस.

आता माझ्या आजीचं सांगतो. गाव सांगत नाही. शहापूर आणि मुरबाडच्या शिवेवरचं आहे, एवढं पुरे.

आजी सुईण होती. आजूबाजूच्या चार गावांतल्या पोरांची नाळ तिनं कापली. ज्या घरांत तिला ओटीवर पण चढू देत नव्हते, त्या घरची बाई अडली की मागल्या दारानं थेट आत बोलवायचे. पोर बाहेर आलं की आजी पण बाहेर. पायलीभर भात, कधी जुनं लुगडं. आजोबा लवकर वारले. त्यांच्यामागं आजीकडं दोन पोरं आणि ओढ्याच्या कडेची अठरा गुंठे जमीन राहिली. 1990 नंतरची गोष्ट, माझा बाप तेव्हा शाळेत होता. एका अश्विनात तिनं बाळंतपण केलेल्या घरातलं पोर गेलं. पाचव्या दिवशी त्यानं दूध सोडलं, जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. सातव्या दिवशी संपलं. हा धनुर्वात. आईला पोटुशी असताना सुई टोचली असती आणि नाळ कापायला उकळलेलं पातं असतं, तर पोर जगलं असतं. ती सुई त्या गावात आली नव्हती. पुढं सुया पोचल्या, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, आणि 2015 साली देशातून नवजात पोरांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. म्हंजे जी भुताळी होती ती सुईनं गेली. दाण्यांनी नाय.

पण त्या अश्विनात दाणेच टाकले. भगतानं नाव घेतलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, नाळ कुणी कापली? तीन दिवसांत आजीचं पाणी बंद. मंग रात्री कौलांवर दगड. मंग मजुरीला कुणी बोलवीना. आजीच्या अंगाला कुणी हात लावला नाही, कारण हात लावला तर विटाळ आणि नजर दोन्ही लागणार. एका पहाटे तिनं दोन पोरं आणि एक ट्रंक घेतली, एसटी धरली आणि भिवंडीला आली. कांड्या भरायच्या कामाला लागली. तिच्या मागून बाप मागावर गेला, बापामागून मी. आमच्या घरात यंत्रमाग आला तो दाण्यांतून आला. आणि ती अठरा गुंठे? दोन वर्षं पडीक राहिली. मंग शेजारचा बांध सरकत सरकत ओढ्यापर्यंत गेला.

आजी अजून आहे, आमच्याकडंच असते. ती कादंबरी वाचून झाल्यावर मी तिला सेलमची गोष्ट सांगितली. ती सुपारी कातरत ऐकत होती. म्हणाली, "मंग तिथं पन भगत होता म्हन की."

"आजी, मी तुझ्यावर लिहू का?"

"लिही."

"नाव घालू तुझं?"

"नाव नको घालू रे पोरा."

"का गं? सेलमच्या बायांची नावं दगडावर कोरलीत. लोक फुलं वाहतात."

"छापलेला कागद कोन वाचील, कसा वाचील, काय सांगावा? आज म्हनतील बिचारी. उद्या कुनाच्या पोराला ताप आला का म्हनतील, कागदावर पन लिवलंय, भुताळीच होती."

"मग दगड मारणाऱ्याचं घालू?"

"त्याचा घाल. पन तू नाय घालनार. तुला तिकडं लग्नाकार्याला जायाचाय अजून."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजी परत सुपारीला लागली.

सेलमवर एवढ्या कादंबऱ्या का होतात? कागद आहेत म्हणून. जबाब, वॉरंट, अर्ज, तुरुंगाची बिलं, सगळं जपून ठेवलंय. 1711 साली काही घरांना नुकसानभरपाई दिली. एका बाईला शिक्षा सुनावली होती पण फाशी झाली नव्हती, तिचं नाव यादीत तसंच राहिलं होतं. तिकडच्या शाळेतल्या पोरांनी आणि त्यांच्या बाईंनी पाठपुरावा केला आणि 2022 साली तिचंही नाव पुसून स्वच्छ झालं. 330 वर्षं लागली, पण पुसायला नाव तरी होतं. आमच्याकडं काय आहे? इंग्रजाच्या राज्यात भुताळी कागदावर यायची ती मेल्यावर, खुनाच्या खटल्यात, मयत म्हणून. जिला मारलं नाही, नुसतं हुसकून लावलं, तिचा कागदच नाही. पाणी बंद केलं त्याचा पंचनामा कोण करणार? कौलावरच्या दगडाची पावती कोण देणार? स्वातंत्र्य आलं, घटना आली, तरी एखादीला भुताळी म्हणणं हा स्वतंत्र गुन्हा नव्हता.

तो झाला 2013 साली. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. त्यात लिहिलंय की अमका करणी करतो, भूत लावतो, मंत्रानं गुराचं दूध आटवतो, रोगराई आणतो असं जाहीर करणं हाच गुन्हा. त्या नावाखाली कुणाला मारणं, नागवं फिरवणं, रोजच्या व्यवहारावर बंदी घालणं हा पण गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद, 5,000 ते 50,000 रुपये दंड. मला या कायद्यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. 1724 च्या कोर्टानं बाईकडं बघितलं. 2013 चा कायदा बाईकडं बघतच नाही, बोट दाखवणाऱ्याकडं बघतो.

कायदा झाला म्हणून थांबलं असं नाही. 2021 च्या ऑगस्टात चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयावरून आपल्या माणसांना, त्यात म्हाताऱ्या बाया, भर चौकात खांबाला बांधून मारलं. 4 मार्च 2024 ला आमच्या मुरबाड तालुक्यातल्या एका गावात 75 वर्षांच्या म्हाताऱ्याला घरातून ओढून नेलं आणि पेटत्या निखाऱ्यांवर नाचवलं. जादूटोणा करतो म्हणून. त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला. रात्रपाळीत आम्ही सगळ्यांनी बघितला. गुन्हा दाखल झाला, या कायद्याची कलमं लागली. आजीला मी तो दाखवला नाही.

माझा मागावरचा जोडीदार ठाकर आहे, मुरबाडकडचा. तो म्हणतो, "भाऊ, भुताची गोष्ट वाचली की मजा येते. तिच्यात तू कायदा कशाला घालतो?" त्याचं बरोबर आहे. भ्यायला मला पण आवडतं. मी फक्त विचारतो, कुणाला भ्यायचं? ही गोष्ट घ्या. अमावस्येची रात्र. गावात बैठक बसलीये. आत दिव्यापुढं भगत दाणे टाकतोय. तो म्हणतो, बाई आहे. लोक श्वास धरून बसतात. तो म्हणतो, एकटी आहे. चार-पाच माणसं एकमेकांकडं बघतात. तो म्हणतो, दारात जांभळीचं झाड आहे. आणि तुमच्या आईच्या दारात जांभूळ आहे. आता पुढलं पान उलटा. हाडळ लागत नाही, पडका वाडा लागत नाही. जोडीदार गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आमच्या दारात हाय जांभूळ."

अशी गोष्ट कुणी तरी लिहायला पाहिजे. ग्वादेलूप बेटावरची काळी लेखिका मारीझ काँदे, तिनं 1986 साली टिटुबावर फ्रेंचमधून कादंबरी लिहिली. तिथं टिटुबा स्वतः बोलते, मी अमकी, माझी आई अमकी, माझ्या आईवर बोटीवर गोऱ्यानं बळजबरी केली. यातलं बरंचसं कल्पनेचं आहे, कागदात नाही. पण कागद ठेवणारे तिचे मालक होते, त्यांनी तिची आई कशाला लिहून ठेवली असती? ती काँदेनं दिली. ऐतिहासिक कादंबरी म्हंजे आपल्याकडं तलवारी, घोडे आणि सरदार. खरं तर ती या कामासाठी पाहिजे. ज्याचा कागद कुणी ठेवला नाही त्याला आई, गाव आणि आवाज देण्यासाठी. आपण काळ्यांकडून 1972 साली पँथर घेतला. आता टिटुबा पण घ्यावी. त्यातही कातकरणीची गोष्ट कातकरी पोरगी लिहील तेव्हा ती पुरी होईल. तिची वाट बघू, तोवर आपल्या आज्यांच्या तरी लिहू.

आता तर घाई आहे. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. ओढ्याकडेच्या अठरा गुंठ्यांना आज काय भाव आहे, विचारून बघा. जमिनीला भाव आला की एकट्या बाईच्या दारातली झाडं गावाला जास्त दिसायला लागतात.

म्हणून शहापूर, मुरबाड, किन्हवली, सरळगाव, टोकावडे, डोळखांब, तिकडच्या वाचकांना माझं एक सांगणं. दिवाळीला गावी जाल तेव्हा अंक वाचा, जरूर वाचा. मंग घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि चार गोष्टी विचारा. गावातून कोणत्या बाईला हुसकून लावलं? ते साल कोणतं होतं? त्या साली गावात कुठला आजार आला होता? आणि तिची जमीन आज कोण कसतो?

बाईचं नाव लिहू नका. बाकीचं सगळं लिहून पाठवा. वहीचं पान चालेल.